वाढते वय, शरीराचे संरक्षण आणि स्तनाचा कर्करोग

आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया स्वतःच्या दुखण्याविषयी सहसा बोलत नाहीत. त्यातून ते दुखणे छातीचे असेल तर मुळीच बोलत नाहीत. आमच्या शेजारच्या घरातील ही गोष्ट आहे. घरातील आत्याबाईंचे वय ६८. पडल्यामुळे हात प्लास्टरमध्ये गेला आणि त्यांना आंघोळ घालण्याचे काम सुनेकडे आले. तेव्हा तिच्या हाताला डाव्या स्तनात लिंबाएवढी गाठ लागली.

“आत्या, ही गाठ कधीपासनं आहे?” तिने विचारले.

“असंल की वर्षभर. दुखत न्हाई, काय न्हाई. मग कशाला सांगायचं? आता ह्या वयात काय व्हायचंय?”

त्या रात्री घरात बैठक बसली. थोरला मुलगा म्हणाला, “म्हातारपणी असला आजार सावकाश वाढतो. अंगच त्याला दाबून ठेवतं. उगाच सुरी लावून चाळवू नका.” धाकट्याचे मत उलटे. “या वयात अंगात प्रतिकारशक्तीच राहत नाही. उपचार सोसणार नाही. हाल कशाला करायचे?” जावईबापूंनी मधला मार्ग काढला. “एखादं चांगलं शक्तीचं टॉनिक सुरू करू. शक्ती वाढली की गाठ आपोआप जिरेल.” तिघांच्याही बोलण्यात माया होती, यात शंका नाही. परंतु तिन्ही मतांचा परिणाम एकच झाला. आत्याबाईंना दवाखान्यात न्यायला आणखी दोन महिने लागले.

वाचकहो, ही तिन्ही मते आपण आपापल्या घरी कधी ना कधी ऐकलेली आहेत. तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. वय वाढते तसे शरीराचे संरक्षण करणाऱ्या यंत्रणेचे काय होते, आणि स्तनाच्या कर्करोगाशी तिचा कसा सामना होतो? या प्रश्नावर गेल्या पन्नास-साठ वर्षांत शास्त्रज्ञांनी पुष्कळ काम केले आहे. ते सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

विषय लहान नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, या रोगाच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांमध्ये स्त्री असणे आणि वय वाढणे याखेरीज दुसरे कोणतेही विशेष कारण सापडत नाही. म्हणजे ‘आमच्या घराण्यात कोणाला नाही’ या समाधानात फारसा अर्थ नाही.

शरीराचे पहारेकरी

आपल्या शरीरात रोज असंख्य पेशी नव्याने तयार होतात. एका पेशीच्या दोन होताना तिच्यातील आनुवंशिक मजकुराची नक्कल करावी लागते. नक्कल करताना चुका होतात. बहुतेक चुका तिथल्या तिथे दुरुस्त होतात, काही राहून जातात. अशा चुका वर्षानुवर्षे साठत गेल्या की एखादी पेशी शिस्त मोडते आणि बेसुमार वाढू लागते. यालाच आपण कर्करोग म्हणतो. वयाबरोबर कर्करोग वाढण्याचे पहिले कारण हे चुकांचे साठणे होय.

परंतु शिस्त मोडलेली प्रत्येक पेशी रोग बनत नाही. १९०९ साली जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी असा विचार मांडला की, शरीराची संरक्षण यंत्रणा अशा कितीतरी पेशी मुळातच नष्ट करीत असली पाहिजे. पुढे १९५० च्या दशकात लुईस थॉमस आणि मॅकफार्लेन बर्नेट यांनी हीच कल्पना ‘शरीराचा पहारा’ म्हणून पुढे नेली. तिला भक्कम प्रायोगिक पुरावा मिळाला तो २००१ नंतर, अमेरिकेतील रॉबर्ट श्रायबर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या उंदरांवरील प्रयोगांतून. त्यांनी या झुंजीच्या तीन अवस्था सांगितल्या. पहिली नायनाट, म्हणजे पहारेकरी बिघडलेल्या पेशी मारून टाकतात. दुसरी समतोल, म्हणजे त्या पेशी मरत नाहीत पण वाढूही शकत नाहीत. तिसरी निसटणे, म्हणजे पहाऱ्याला चकवून त्या मोकाट वाढू लागतात. आपल्या हाताला गाठ लागते तेव्हा रोग या तिसऱ्या अवस्थेत पोहोचलेला असतो.

समतोल म्हणजे काय हे समजण्यासाठी नागिणीचे उदाहरण घेऊ. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी लपून राहतो. आपल्या संरक्षक पेशी त्याला चाळीस-पन्नास वर्षे तिथेच दाबून ठेवतात. उतारवयात त्यांची पकड सैल झाली की तोच विषाणू नागीण होऊन बाहेर येतो. म्हणून नागीण लहान मुलांना क्वचित आणि म्हाताऱ्या माणसांना वारंवार होते. पहारा ढिला पडणे म्हणजे काय, याचा हा घरोघरी दिसणारा दाखला आहे. कर्करोग हा विषाणू नव्हे आणि त्याची गोष्ट इतकी सरळही नाही. तथापि कल्पना यावी म्हणून हे उदाहरण उपयोगी आहे.

या पहारेकऱ्यांत अनेक प्रकार आहेत. काही पेशी खबऱ्यांचे काम करतात. त्या संशयित पेशीचा तुकडा उचलून गाठीच्या आकाराच्या लसिका ग्रंथींत नेतात आणि तिथे इतरांना दाखवतात. काही भक्षक पेशी असतात. काही नैसर्गिक मारक पेशी असतात. त्या कोणाच्या हुकमाची वाट न पाहता हल्ला करतात. कर्करोगाच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाच्या मात्र टी पेशी होत.

बालपणीची मुदत ठेव

टी पेशींचे काम समजण्यासाठी बँकेतील नमुना सहीचे उदाहरण चपखल बसते. प्रत्येक खातेदाराच्या सहीचे एक कार्ड बँकेत असते आणि आलेला चेक त्या कार्डाशी ताडून पाहिला जातो. शरीरात प्रत्येक टी पेशीजवळ असे एकच कार्ड असते. ती एकाच विशिष्ट खुणेला ओळखते. उद्या कोणता नवा शत्रू येईल हे ठाऊक नसल्यामुळे शरीर कोट्यवधी निरनिराळी कार्डे आधीच तयार करून ठेवते. अजून कोणत्याही शत्रूशी गाठ न पडलेल्या अशा पेशींना आपण कोऱ्या टी पेशी म्हणू. ज्यांनी एखाद्या शत्रूशी लढाई केलेली आहे, त्या अनुभवी टी पेशी.

या पेशींचे शिक्षण छातीच्या मधल्या हाडामागे असलेल्या थायमस नावाच्या ग्रंथीत होते. ही ग्रंथी कशासाठी आहे हे फार काळ कोणालाच माहीत नव्हते. १९६१ साली लंडनमध्ये जॅक मिलर या तरुण संशोधकाने नवजात उंदरांची थायमस काढून पाहिली, तेव्हा ते उंदीर संसर्गापुढे हतबल झाले आणि या ग्रंथीचे महत्त्व जगाला कळले. गंमत अशी की, ही ग्रंथी बालपणीच सर्वांत कामाची असते. वयात आल्यानंतर ती आकसत जाते आणि तिच्या जागी चरबी भरते. पन्नाशी-साठीपर्यंत तिचा थोडाच भाग कामाचा उरतो.

म्हणजे कोऱ्या टी पेशींचा मोठा साठा ही लहानपणी झालेली मुदत ठेव आहे. पुढे आयुष्यभर आपण बहुतांशी तीच पुरवून खातो. नवा भरणा अगदी थोडा. वय वाढते तशी निरनिराळ्या कार्डांची संख्या कमी होते. त्याच वेळी जुन्या संसर्गांशी लढलेल्या अनुभवी पेशींची गर्दी वाढते. जुना शत्रू परत आला तर त्या उपयोगी पडतात. परंतु स्तनात आज प्रथमच बिघडलेल्या पेशीवरची खूण नवी असते. ती ओळखणारे कार्डच कमी पडले तर चेक खोटा असूनही वटतो.

आकसलेली थायमसही निरुपयोगी नसते, हे अलीकडे दिसून आले आहे. २०२३ साली बोस्टन येथील डॉक्टरांनी हृदयाच्या किंवा छातीच्या शस्त्रक्रियेत थायमस काढून टाकलेल्या प्रौढ रुग्णांची तुलना तशाच इतर रुग्णांशी केली. पाच वर्षांत थायमस नसलेल्यांपैकी ७.४ टक्के लोकांना कर्करोग झाला, थायमस असलेल्यांत हे प्रमाण ३.७ टक्के होते. हा अभ्यास केवळ स्तनाच्या कर्करोगाचा नाही. तरी म्हातारपणीही थोडासा भरणा चालू असणे किती मोलाचे आहे, हे त्यातून दिसते.

मंद धग

वाढत्या वयात दुसरा बदल होतो तो याच्या उलट दिसणारा. संरक्षण यंत्रणेचा नेम चुकू लागतो, पण तिचा क्षोभ मात्र वाढतो. जखम झाली की ती जागा लाल होते, सुजते, गरम होते. याला दाह म्हणतात. तो चार दिवसांत निवायला हवा. म्हातारपणी शरीरात असा दाह मंद प्रमाणात कायम पेटता राहतो. चुलीतील आग विझली तरी राखेखाली निखारे धुमसत राहावेत तसे. इटलीचे शास्त्रज्ञ क्लाउदिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली या वार्धक्यातील दाहाला नाव दिले आणि त्याच्या अभ्यासाची नवी शाखाच सुरू झाली.

ही धग येते कोठून? एक उगम म्हणजे थकलेल्या पेशी. माणसाची पेशी अनंत वेळा विभागू शकत नाही, तिला मर्यादा असते, हे लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ साली दाखवले. मर्यादा संपलेल्या काही पेशी मरत नाहीत आणि कामही करीत नाहीत. नुसत्या बसून राहतात आणि दाह वाढवणारी रसायने आसपास सोडत राहतात. ज्युडिथ कॅम्पिसी यांच्या प्रयोगशाळेने २००८ साली या रसायनांचा सविस्तर तपशील मांडला. शेजारची एखादी पेशी बिघडण्याच्या बेतात असेल, तर ही रसायने तिला खतपाणी घालू शकतात.

आता हे स्तनाच्या बाबतीत पाहू. तरुणपणी स्तनात दूध तयार करणाऱ्या ग्रंथींचे प्रमाण भरपूर असते. पाळी गेल्यानंतर त्या आक्रसतात आणि चरबीचे प्रमाण वाढते. बिजांडांनी इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार करणे थांबवलेले असले, तरी ही चरबी थोडे इस्ट्रोजेन तयार करीत असते. वजन फार वाढलेले असेल तर चरबीच्या पेशी ताणून फुटतात आणि मेलेल्या पेशीभोवती भक्षक पेशींचे कडे जमते. सूक्ष्मदर्शकाखाली ते मुकुटासारखे दिसते. हा दाह त्या जागी इस्ट्रोजेनची निर्मिती आणखी वाढवतो. स्तनाच्या बहुसंख्य कर्करोगांना, विशेषतः उतारवयातील कर्करोगांना, इस्ट्रोजेनच पोसत असते. पाळी गेल्यानंतर वाढलेले वजन हे स्तनाच्या कर्करोगाचे एक कारण का मानले जाते, त्याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे.

गाठीच्या आत काय दिसते?

गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढला की तज्ज्ञ त्यात केवळ कर्करोगाच्या पेशी पाहत नाहीत. त्या गाठीत किती संरक्षक पेशी शिरलेल्या आहेत, हेही आता पाहिले जाते. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-२ या तिन्ही खुणा नसलेला जो कर्करोग असतो, त्याला तिहेरी नकारात्मक प्रकार म्हणतात. या प्रकारात आणि हर-२ प्रकारात गाठीत शिरलेल्या संरक्षक पेशी जितक्या अधिक, तितका रुग्णाचा पुढचा काळ चांगला जाण्याचा संभव अधिक, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

वयस्क स्त्रियांच्या गाठींत या पेशी कमी आढळतात, असे बऱ्याच अभ्यासांचे निष्कर्ष आहेत. पहारेकरी शहरात असतात, पण गुन्ह्याच्या जागी पोहोचत नाहीत, अशी ही स्थिती. यातील काही फरक कर्करोगाच्या प्रकारामुळेही पडतो. उतारवयात इस्ट्रोजेनवर पोसणारा, तुलनेने सावकाश वाढणारा प्रकार अधिक असतो आणि त्या गाठींत मुळातच संरक्षक पेशी कमी शिरतात. तरुण वयात तिहेरी नकारात्मक प्रकाराचे प्रमाण जास्त असते.

२०१९ साली बोस्टनमध्ये सँड्रा मॅकॲलिस्टर यांच्या प्रयोगशाळेने एक बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. त्याची थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. टी पेशींना आवर घालणारे ब्रेक शरीरात असतात. कर्करोग हेच ब्रेक दाबून त्यांना गप्प बसवतो. हे ब्रेक सोडवण्याची वाट दाखवल्याबद्दल जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तिहेरी नकारात्मक स्तन-कर्करोगात आता हे औषध केमोथेरपीसोबत वापरले जाते. बोस्टनच्या प्रयोगात तरुण आणि म्हाताऱ्या उंदरांना याच प्रकारचा कर्करोग देऊन हे औषध दिले गेले. तरुण उंदरांना गुण आला, म्हाताऱ्यांना आला नाही. म्हाताऱ्या उंदरांत इंटरफेरॉन नावाची धोक्याची घंटा क्षीण झालेली होती. ती घंटा दुसऱ्या औषधाने पुन्हा वाजवली, तेव्हा म्हाताऱ्या उंदरांनाही ब्रेक सोडवणाऱ्या औषधाचा उपयोग होऊ लागला.

यावरून घाईने निष्कर्ष काढता कामा नये. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात २०१८ साली उलटे चित्र दिसले. ६० वर्षांवरील रुग्णांना याच जातीच्या औषधाचा गुण तरुणांपेक्षा अधिक आला. तात्पर्य असे की, म्हाताऱ्या शरीराची संरक्षण यंत्रणा मेलेली नसते. ती बदललेली असते. कोठे ती कमी पडते, कोठे चांगले काम देते, हे रोगागणिक वेगळे असते. स्तनाच्या कर्करोगाच्या औषधचाचण्यांत सत्तरीपुढच्या स्त्रियांना फार कमी घेतले गेले, हे मात्र खेदाने नमूद केले पाहिजे. ज्यांना रोग अधिक होतो त्यांच्यावर औषधाचा परिणाम काय, हे त्यामुळे उशिरा कळते.

तीन मतांचा हिशेब

एवढे समजून घेतल्यावर आता त्या रात्रीच्या तीन मतांकडे वळू.

पहिले मत, म्हातारपणी अंगच आजाराला दाबून ठेवते. उतारवयातील पुष्कळ कर्करोग सावकाश वाढतात हे खरे. परंतु सावकाश म्हणजे निरुपद्रवी नव्हे. हाताला लागलेली गाठ पहाऱ्यातून निसटलेलीच असते. शिवाय सर्वच म्हाताऱ्या स्त्रियांचा कर्करोग सावकाश वाढणारा नसतो. तो कोणत्या प्रकारचा आहे हे तुकडा तपासल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही. सावकाश चालणारा रोग किती चिवट असतो, हेही लक्षात घ्यावे. इस्ट्रोजेनवर पोसणारा कर्करोग झालेल्या जवळपास ६३ हजार स्त्रियांच्या नोंदी एकत्र करून २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या स्त्रियांनी पाच वर्षे गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या. तरीही पाचव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत रोग शरीरात दुसरीकडे उलटण्याचे प्रमाण सतत चालू राहिले. वीस वर्षे दबून राहिलेला रोगही परत डोके वर काढू शकतो. म्हणून उपचार झाल्यावर ‘आता सुटलो’ म्हणून पुढच्या तपासण्या सोडू नयेत.

दुसरे मत, या वयात उपचार सोसणार नाही. यात मायेपेक्षा भीती जास्त आहे. केमोथेरपीचा त्रास उतारवयात अधिक होतो, हे नाकारता येणार नाही. पण स्तनाच्या कर्करोगाचा उपचार म्हणजे केवळ केमोथेरपी नव्हे. शस्त्रक्रिया आहे, इस्ट्रोजेन रोखणाऱ्या रोजच्या गोळ्या आहेत. म्हाताऱ्या स्त्रियांसाठी उपचार हलका कसा करता येईल, यावरही संशोधन झाले आहे. अमेरिकेत ७० वर्षे व त्यापुढील ६३६ स्त्रियांवर एक चाचणी झाली. सर्वांची गाठ लहान आणि इस्ट्रोजेनवर पोसणारी होती. सर्वांची गाठ काढली आणि टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या दिल्या. निम्म्यांना त्यासोबत विकिरण उपचार दिले, निम्म्यांना दिले नाहीत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या निष्कर्षांत विकिरण न घेतलेल्या १० टक्के स्त्रियांना त्याच जागी रोग पुन्हा झाला, घेतलेल्यांत २ टक्क्यांना. पण आयुष्याच्या मर्यादेत दोन्ही गटांत फरक पडला नाही. म्हणजे रोग लहान असताना सापडला तर म्हाताऱ्या स्त्रीचा उपचार हलका होऊ शकतो. तो अवघड होतो तो उशिरामुळे. डॉक्टरांनीही जन्मतारीख न पाहता माणूस पाहावा. तिचे चालणे-फिरणे, हृदय, मूत्रपिंडे, स्मरण, आणि मुख्य म्हणजे तिची स्वतःची इच्छा पाहून निर्णय व्हायला हवा.

तिसरे मत, टॉनिकने शक्ती वाढेल आणि गाठ जिरेल. प्रतिकारशक्ती ही बाटलीत भरून मिळणारी वस्तू नव्हे. वर पाहिल्याप्रमाणे म्हातारपणी कमतरता असते ती नव्या, नेमक्या पेशींची, आणि दाह तर आधीच जास्त असतो. कोणतेही टॉनिक कोरी कार्डे छापून देत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २००७ साली एचआयव्ही बाधित आणि अवयव-रोपण झालेले रुग्ण यांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या रुग्णांची प्रतिकारशक्ती खूपच दुबळी असते आणि त्यांच्यात अनेक कर्करोग वाढलेले आढळले. पण त्यांत स्तनाचा कर्करोग नव्हता. म्हणजे ‘शक्ती कमी झाली म्हणून स्तनाचा कर्करोग झाला’ आणि ‘शक्ती वाढवली की तो जाईल’ असे सोपे गणित येथे चालत नाही. शरीराचे संरक्षण हा या रोगातील एक धागा आहे, सगळे कापड नव्हे.

मग स्वतःच्या हातात काहीच नाही का? आहे. २०१८ साली इंग्लंडमध्ये ५५ ते ७९ वयाच्या १२५ हौशी सायकलपटूंची तपासणी झाली. हे लोक आयुष्यभर नियमित सायकल चालवणारे होते. व्यायाम न करणाऱ्या त्यांच्या वयाच्या लोकांच्या तुलनेत त्यांच्यात थायमसमधून नव्या टी पेशी पुष्कळ अधिक येत होत्या. सायकल नसली तरी रोजचे झपझप चालणे आपल्याला अशक्य नाही. पाळी गेल्यानंतर वजन आटोक्यात ठेवणे, तंबाखू आणि मिश्री सोडणे हेही आपल्याच हातात आहे. यामुळे गाठ जिरणार नाही. परंतु शरीर सुस्थितीत राहील आणि उपचाराची वेळ आलीच तर तो सोसण्याची ताकद राहील.

मुंबईच्या वस्त्यांतील साक्ष

या विषयात आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अभ्यास परदेशात नव्हे, मुंबईच्या झोपडवस्त्यांत झाला. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ साली तो सुरू केला. डॉ. इंद्रनील मित्रा व सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध केले. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी स्त्रियांचे स्तन हाताने तपासले. महागडे यंत्र नाही, क्ष-किरण नाही. नुसता शिकवलेला हात आणि दोन शब्द समजावून सांगणे. उरलेल्या वस्त्यांमध्ये रोगाची माहिती देण्यात आली.

ज्या वस्त्यांत तपासणी झाली, तेथे पुढच्या अवस्थेतील, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातील रोगाचे प्रमाण ३७ टक्के होते, तर उरलेल्या वस्त्यांत ते ४७ टक्के होते. आणि मृत्यू? पन्नाशीच्या आतील स्त्रियांत निश्चित म्हणता येईल असा फरक पडला नाही. पन्नास व त्यापुढील स्त्रियांत मात्र या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले.

वाचकहो, हा आकडा पुन्हा एकदा वाचावा. ज्या वयाला आपण ‘आता काय करायचंय’ म्हणतो, त्याच वयाच्या स्त्रियांना साध्या हाताच्या तपासणीचा सर्वांत अधिक लाभ झाला. शरीराचा आतला पहारा वयाबरोबर ढिला होतो, तेव्हा बाहेरचा पहारा घरच्यांनी आणि आरोग्यसेविकांनी करायचा असतो.

काय करावे?

स्तनात किंवा काखेत गाठ, त्वचेला खळगा किंवा संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा, बोंडी आत ओढली जाणे, बोंडीतून रक्त किंवा पाणी येणे, बरी न होणारी जखम, यांपैकी काहीही दिसले तर आठ-पंधरा दिवसांत डॉक्टरांना दाखवावे. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, हे घरातील प्रत्येक स्त्रीला माहीत असावे. न दुखणे ही खुशालीची खूण नव्हे. अर्थात प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, हेही सांगावे, म्हणजे भीतीने कोणी लपवणार नाही.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची स्तन-तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत करावयाची आहे. पासष्टीपुढच्या स्त्रिया या वयोमर्यादेत बसत नाहीत. म्हणून त्यांनी बोलावण्याची वाट न पाहता स्वतःहून जावे. खर्चाची काळजी असते, ती रास्त आहे. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देण्यात आले आहे. सुशिक्षित मुला-मुलींनी आपल्या आजीचे कार्ड काढून ठेवावे. आजार आल्यावर कागदपत्रांची धावपळ करण्यात दिवस जातात.

महिला मंडळांच्या बैठकीत वर्षातून एकदा तरी हा विषय घ्यावा. लाज वाटते म्हणून म्हाताऱ्या बायका सुनेला सांगत नाहीत, आणि सासूला कसे विचारावे म्हणून सून विचारत नाही. ही कोंडी चार बायका एकत्र बसल्या की फुटते.

आमच्या शेजारच्या आत्याबाईंची शस्त्रक्रिया झाली. त्यांनी ती चांगली सोसली. आठव्या दिवशी त्या अंगणात बसून तांदूळ निवडत होत्या. आता रोज एक गोळी चालू आहे. पण रोग काखेतील ग्रंथींपर्यंत पोहोचलेला होता. “वर्षापूर्वी आला असतात तर एवढं करावं लागलं नसतं,” असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा दोन्ही मुलांनी माना खाली घातल्या. सून मात्र काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने आपल्या आईला फोन लावला. गावी राहणाऱ्या, साठी ओलांडलेल्या आईला तिने पहिला प्रश्न विचारला, “आई, तुझ्या छातीत कुठं गाठबिठ तर नाही ना? लपवू नकोस हं.”

हा लेख वाचून प्रत्येक घरातून असा एक तरी फोन जावा, एवढीच अपेक्षा.